जोडलाय, जुळला न्हाई

मिरजेत खोली भाड्यानं देताना चाचांनी मला एकच अट घातली. जिन्यात वर भोपळे टांगलेत, तेवढं जपायचं. मला वाटलं, डोकं जपा म्हणतायत. तिसऱ्याच दिवशी कॉलेजला जायच्या गडबडीत एका भोपळ्यावर माझं डोकं दणकन आपटलं. मी कपाळ धरून पायरीवर बसले. आतून चाचा धावत आले, स्टुलावर चढले, भोपळा दोन्ही हातांत धरला, त्याच्यावर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि सुस्कारा सोडला.

"काय झालं न्हाई," ते म्हणाले.

"मला झालंय ना, चाचा."

"तुमचं भरून येतंय, बाई. ह्याला चीर गेली की गेली."

चाचा तंबोरे बनवायचे. खाली रस्त्याला लागून दुकान, मागं त्यांचं नि चाचींचं घर, आणि वरच्या खोलीत मी. साताऱ्याच्या कॉलेजातून माझी बदली इकडं झाली होती. नवरा कोयनानगरला धरणावर नोकरीला. शनिवारी एसटीनं तिकडं, सोमवारी पहाटे परत. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण पोक्त झालो असं बाईला वाटतं. आता सत्तरी ओलांडून त्या बाईकडं बघते, तर अगदीच पोर दिसते, आणि भलतीच आगाऊ.

मी पदार्थविज्ञान शिकवायचे आणि मला एक खोड होती. समोर काहीही आलं, की मी म्हणायचे, "म्हणजे शेवटी काय तर." पाणी म्हणजे शेवटी काय तर दोन वायू. रंग म्हणजे शेवटी काय तर लहरी. एकदा नवऱ्यानं कोयनेहून फोन केला. सकाळी जमीन हलली, फळीवरची भांडी वाजली, आणि एकदम तुझी आठवण आली, म्हणाला. मी म्हटलं, "आठवण म्हणजे शेवटी काय तर मेंदूतली वीज." तो म्हणाला, "वीज आमच्याकडं भरपूर आहे, ठेवतो."

चाचांना ही खोड आठवड्याभरात कळली आणि त्यांनी माझं नाव ठेवलं शेवटीबाई. गिऱ्हाइकांनाही सांगायचे, "वर शेवटीबाई ऱ्हातात, जरा हळू ठोका."

त्यांची स्वतःची खोडही काही कमी नव्हती. त्यांच्या तोंडात कायम दोन शब्द असायचे, जोडणं आणि जुळणं. भोपळ्याला गळा चिकटवला, वर दांडी बसवली, तोंडावर लाकडी झाकण म्हणजे तबली लावली, खुंट्या घातल्या, पॉलिश केलं, तारा चढवल्या, तरी तंबोरा तयार झाला असं ते कधी म्हणायचे नाहीत. "जोडलाय. जुळला न्हाई." साताऱ्याहून संगीताच्या क्लासच्या एक बाई तंबोरा न्यायला आल्या होत्या. तो चकचकीत तंबोरा त्यांच्या समोर उभा होता, आणि चाचा म्हणतायत, गुरुवारी या. गुरुवारी त्या बिचाऱ्या पुन्हा आल्या, तर म्हणाले, सोमवारी.

"पण राहिलंय काय त्यात?" मी विचारलं.

"ते कळलं असतं तर केलं नसतं का?"

मधल्या दिवसांत ते करायचे ते एवढंच. ज्या पट्टीवरून तारा जातात ती घोडी. तिच्या पाठीवर बारीक कानशीनं दोन हात मारायचे, तारा चढवायच्या, छेडायच्या, तारेखालचा सुती दोरा किंचित सरकवायचा, मान हलवायची, तारा उतरवायच्या. या घासण्याला जवारी काढणं म्हणतात. घोडीच्या पाठीचा केसाएवढा उतार साधला की तार तिला पुसटशी घासत कापते आणि आवाज फुलतो. नाही साधला तर लाकडावर खिळा वाजल्यासारखा वाजतो.

हे दोन शब्द ते कुठंही वापरायचे. सांगलीत गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं. चाचांनी मांडवात मुलीच्या बापाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जोडलं झ्याक. जुळायला टाइम द्या." मुलीचा मामा बाह्या सरसावून पुढं आला. चाची मला म्हणाल्या, "ह्यांना जेवणाआदी बोलू द्यायचं न्हाई बघा. नंतर बोलले तर निदान जेवण तरी पोटात असतंय."

"आणि तुमचं कधी जुळलं, चाची?"

"आमचं? खुंट्या पिरगळणं चालूच हाय अजून."

आमचं भांडण गंधारावरून सुरू झालं. तंबोऱ्याला तारा चार. एक पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. गंधाराची तार नसतेच. पण तंबोरा नीट लागला की त्यातून गंधार ऐकू येतो. कुणी न छेडलेला, आपला आपण आलेला. चाचा हे सांगताना आवाज खाली आणायचे. मी मात्र आवाज चढवून म्हटलं, "त्यात काय एवढं? म्हणजे शेवटी काय तर खर्जाच्या कंपनांच्या पाचपट कंपनं."

"पाचपट?" चाचा म्हणाले. "आन मधल्या तिघांनी काय घोडं मारलं?"

मी तारेचं गणित समजावलं. खर्ज एकटा छेडून दाखवला. "ऐका. एकट्या तारेतही आहे."

"एकटी? ती घोडीवर हाय, घोडी तबलीवर, तबली भोपळ्यावर. एवढं खटलं मागं घेऊन बसलीय, आन तुमी तिला एकटी म्हणता. भिताडाला खिळं मारून ताणा, मग म्हणा एकटी."

मी खरंच ताणली. माझ्या खोलीच्या भिंतीत दोन खिळे ठोकले, खर्जाची तार बांधली आणि छेडली. टण्ण. एवढंच. खालून चाचांचा आवाज आला, "काय म्हणतीय हो एकटी?"

मग मी कॉलेजचा लॅपटॉप आणला. आवाज पकडून पडद्यावर त्याचे सुळके दाखवले. हा मूळ सूर, हा दुप्पट, हा तिप्पट, आणि हा बघा पाचवा, हा तुमचा गंधार. चाचांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"दात दिसलं," ते म्हणाले. "हसू कुठाय?"

 मी ते ऐकू न आल्यासारखं करून पुढचा सुळका दाखवला. त्या वयात मला हे फार छान जमायचं.

हे भांडण फार जुनं आहे, हे मला पुढं आमच्या कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या सरांनी सांगितलं. एक पक्ष म्हणतो, वस्तू सुटी करा, तुकडे कळले की वस्तू कळली. दुसरा म्हणतो, तुकडे एकत्र नांदायला लागले की त्यांच्यात कुणातच नव्हतं असं काही उगवतं, आणि मग ते कुठल्याही एका तुकड्यात हुडकलं तर सापडत नाही. पहिल्या पक्षाच्या मिरज शाखेची अध्यक्ष मी होते. दुसऱ्या पक्षाला आपण पक्ष आहोत याचाच पत्ता नव्हता. तो खाली सरस उकळत बसला होता.

एका सकाळी कॉलेजच्या आधी मी खाली चहाला गेले. बोलता बोलता म्हटलं, तंबोरा म्हणजे शेवटी काय तर भोपळा, लाकूड, हाड नि तार. चाचांनी आत बघून सांगितलं, "बाईंना च्या आणा. सुटा." चाचींनी माझ्यापुढं चार बश्या मांडल्या. एकीत कोमट पाणी, एकीत दूध, एकीत साखर, एकीत चहापूड.

"घ्या," चाचा म्हणाले. "शेवटी जे काय असतंय ते सगळं हाय त्यात."

शहाण्या बाईनं हसून हार मानली असती. मी चहापूड चमचाभर तोंडात टाकली, वर साखर, वर दूध, वर पाणी, आणि म्हटलं, "छान झालाय." चाची तोंडाला पदर लावून आत पळाल्या. दिवसभर माझ्या दातांत चहाची भुकटी होती, आणि पहिल्याच तासाला मागच्या बाकावरची पोरं कशाला हसतायत ते मला कळत नव्हतं.

दुकानात आतल्या भिंतीला एक तंबोरा खिळ्याला लटकलेला असायचा. त्याची गवसणी, म्हणजे वरची कापडी खोळ, धुऊन धुऊन विटलेली. तो चाचांच्या वडिलांनी बनवलेला शेवटचा तंबोरा. त्यांना सगळे अब्बा म्हणायचे. घोडी सांबरशिंगाची, आणि अब्बांनी जायच्या आधी महिनाभर तिची जवारी काढली होती. वर्षातून एकदा चाचा गवसणी उतरवायचे, तंबोरा लावायचे, डोळे मिटून ऐकायचे, "वा" म्हणायचे, आणि परत गवसणी चढवायचे. तो विकायचा नाही, दुसऱ्यानं छेडायचा नाही. "अब्बांचा हात हाय ह्या घोडीत," असं म्हणायचे.

मी राहायला आले त्या वर्षी तो दिवस आला तेव्हा मी दारातच होते. मला सवयच लागली होती, म्हणून आवाज पकडून ठेवला. वर जाऊन पडद्यावर बघते, तर पाचवा सुळका नाही. होता म्हणावा इतकासुद्धा नाही. चाचांनी वा कशाला म्हटलं मग?

मला त्यांची दया आली. माणसाला एखाद्याची दया आली की त्याचं भलं करायचं डोक्यात येतं, आणि तिथंच सगळं बिघडतं. मी ठरवलं, चाचांना त्यांचा गंधार परत मिळवून द्यायचा. न सांगता. भेट म्हणून.

पुढच्याच आठवड्यात चाचा दोन दिवस साताऱ्याला गेले, क्लासचे तंबोरे दुरुस्त करायला. मी चाचींना म्हटलं, अब्बांचा तंबोरा जरा बघते. "बघा, पण ह्यांच्या कानावर नको," त्या म्हणाल्या. मी दुकानातल्या सगळ्यात गोड तंबोऱ्याच्या घोडीचा उतार मोजला, आलेख कागदावर काढला, अब्बांची घोडी कॉलेजात नेली आणि तिथल्या कानशीनं ती त्या आलेखाप्रमाणं घासली. एवढं बिनचूक काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. घोडी परत बसवली, तारा चढवल्या, दोरे सरकवले, छेडलं.

गोणपाट झटकल्यासारखा आवाज आला.

पुन्हा लावलं. पुन्हा गोणपाट. मोजमाप तंतोतंत होतं, पण ते दुसऱ्याच तंबोऱ्याचं होतं. त्याचा भोपळा वेगळा, तबली वेगळी, तारेचा ताण वेगळा. एवढी साधी गोष्ट मला घोडी घासून झाल्यावर सुचली.

चाचा परतले ते माझ्यासाठी कंदी पेढे घेऊन. पेढा हातात असतानाच मी सगळं सांगितलं. त्यांनी गवसणी उतरवली आणि घोडीवरून अंगठा फिरवला.

"कशानं घासली?"

"कानशीनं."

"कुणाच्या?"

"कॉलेजच्या."

"हं," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चाची जिना चढून वर आल्या. भोपळे चुकवत वर यायची त्यांना चाळीस वर्षांची सवय, तरी त्या दिवशी त्यांचं डोकं लागलं.

"जेवत न्हाईत. बोलत न्हाईत. नुसती ती घोडी घेऊन बसल्यात."

"मी खोली सोडते, चाची. उद्याच जाते."

"तुमी गेल्यावर जेवतील व्हय? खाली चला. केलंय तुमी, तर बसा समोर."

चाचा दुकानाच्या अर्ध्या उघड्या दाराशी बसले होते. घोडी तळहातावर होती.

"अब्बा गेले तवा मी रडलो न्हाई," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "म्हटलं, हात हाय की हितं. आता तुमच्या कॉलेजचा हात हाय."

 एक गोष्ट मनात सलत होती, आणि ती लपवणं मला आणखी वाईट वाटलं.

"चाचा, रागवा हवं तर. पण गंधार आधीच गेलेला होता. मी घासायच्या आधी. माझ्याकडं पकडून ठेवलेला आवाज आहे."

त्यांनी घोडी दुसऱ्या तळहातावर घेतली.

"म्हाईत हाय," म्हणाले. "धा-बारा वर्सं झाली. तारेनं घोडी झिजती, जवारी बंद हुती. कुणाची पण हुती. कानशीचा एक हात मारला की उघडती."

"मग मारला का नाही?"

"मारला तर अब्बांचा हात जातोय. न्हाई मारला तर अब्बांचा सूर जातोय." त्यांनी घोडी मुठीत धरली. "मी हात ठेवला."

इतकी वर्षं ते दर वर्षी डोळे मिटून जे नव्हतं त्याला वा म्हणत होते. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तोंड माझं ते माझंच.

"गंधार घोडीत नाही, तारेत नाही, भोपळ्यात नाही, असं तुम्हीच मला वर्षभर सांगताय. मग अब्बा तेवढे घोडीत कसे?"

मागून चाचींचा आवाज आला, "हे मी बोलले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं."

चाचांनी मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "बाई, हे तुमचं का माझं?"

"तुमचंच. मी कशाला असलं बोलतेय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. घोडी उजेडात धरली, आडवी, उभी. "लय खाल्लंय तुमच्या कानशीनं. केसभर उरलंय. एवढ्यात जमलं तर जमलं. न्हाई तर ही घोडी गेली."

"दुसरी बसवता येईल ना?"

"येईल. पण ही गेली म्हणजे गेली."

मग तीन दिवस ते नि मी दुकानात बसलो होतो. मी कॉलेजला रजा टाकली. ते एक हात मारायचे, फक्त एक, आणि घोडी माझ्याकडं द्यायचे. मी बसवायचे, तारा चढवायचे, छेडायचे. ते ऐकायचे आणि मान हलवायचे. पहिल्या दिवशी मी लॅपटॉप आणायला उठले.

"ते वरच असू द्या. बसा."

"निदान किती उरलंय ते मोजते."

"मोजूनच हितं आलोय आपण."

दुसऱ्या दिवशी आवाज थोडा उघडला आणि परत मिटला.  चाचांनी कानस खाली ठेवली, हात मांडीखाली दाबून धरला, आणि तास-दीड तास तसेच बसून राहिले. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना हे सांगितलं तर आजही खरं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक हात मारला. कानस घोडीला टेकली की नाही हेही मला दिसलं नाही. मी तारा चढवल्या. "दोरा तांदळाभर मागं घ्या," ते म्हणाले. घेतला. पंचम छेडला, मग मधल्या दोन षड्जांची जोड, मग खर्ज. पुन्हा पंचम. चारच तारा होत्या आणि त्या मीच छेडत होते. पण पाचवं कुणीतरी गायला लागलं होतं.

मी वर्षभर तो सुळका पडद्यावर पाहिला होता. किती उंच, किती रुंद, सगळं पाठ होतं. ऐकला मात्र त्या दिवशी. मी बोटं उचलली, तरी तो जराभर तिथंच राहिला, आपण गेलं तर चालेल का असं विचारल्यासारखा. आणि हो, खर्जाच्या पाचपट, यात मी आजही माघार घेत नाही. त्याचं काय आहे, ते खरंच आहे. पण त्या दुपारी मी जे ऐकलं ते मला पाचपट म्हणून ऐकू आलं नाही.

चाची स्वयंपाकघरातून आल्या. दोन्ही हात पिठात. सून म्हणून या घरात आल्यापासून अब्बा जाईपर्यंत त्यांनी अब्बांचे तंबोरे रोज ऐकले होते. चाचांनी त्यांच्याकडं बघितलं. मीही बघितलं. दाराच्या चौकटीला टेकून, डोळे मिटून त्यांनी ऐकलं.

"हा अब्बांचा न्हाई," त्या म्हणाल्या.

 चाचांच्या हातात कानस तशीच होती.

"अब्बांचा जरा नाकातून यायचा," चाची म्हणाल्या. "हा तुमचा हाय."

"माझा?"

"मग कुणाचा, कॉलेजचा?"

पोतं उतरल्यावर हमालाचे खांदे खाली यावेत तसे चाचांचे खांदे खाली आले. ते हसले, मग भुशानं माखलेल्या बाहीनं डोळे पुसले, त्यामुळं डोळे आणखीच लाल झाले.

"भाकरी टाक," म्हणाले. "लय भूक लागलीया."

पुढच्या महिन्यात ते तो तंबोरा साताऱ्याच्या क्लासला द्यायला निघाले. मला नवऱ्याकडं जायचंच होतं. मी म्हटलं, तंबोरा तुमच्याबरोबर पोचवून येते आणि परतताना कराडवरून कोयनेला वळते. एसटीत तंबोऱ्याला खिडकी, चाचांना त्याच्या शेजारची जागा, आणि मला वाळव्यापर्यंत उभं राहणं. क्लासच्या बाईंनी सगळी हकिगत ऐकली आणि हात जोडले.

"एवढी आठवणीची वस्तू. आम्ही कपाटात ठेवू, अगदी जपून."

"कपाटात ठेवायला माझ्याकडं खिळा होता की," चाचा म्हणाले. "रोज वाजवा. झिजंल. जवारी बंद हुईल."

"मग तुम्हाला बोलावू."

"असलो तर मला. नसलो तर कुणी का असंना, कानस धरणारा."

"पण मग यातला तुमचा हात जाईल."

"जाऊ द्या," चाचा म्हणाले. "गंधार आला म्हंजे झालं."

परतीच्या एसटीत चाचांच्या मांडीवर काही नव्हतं. त्यांनी हात कुठं ठेवावेत म्हणून थोडा वेळ इकडंतिकडं हलवले, मग पोटावर ठेवले, खिडकीला डोकं टेकलं, आणि मी कराडला उतरले तरी घोरत होते.